न दिसलेल्या डागाचा पुरावा

एड्सविषयीचे तक्ते, शाळाशाळांतून होणारी व्याख्याने आणि परीक्षांची मार्गदर्शके यांत एक वाक्य वर्षानुवर्षे आढळते : 'एड्समुळे कापोसी सार्कोमा हा त्वचेचा कर्करोग होतो.' वाक्य लहान आहे, पाठ करायला सोपे आहे आणि उत्तरपत्रिकेत त्याला गुणही मिळतात. या लेखात आम्ही या एका वाक्याची तपासणी करणार आहोत.

एका वाक्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असे काही शिक्षकांना वाटेल. त्याला आमची दोन उत्तरे आहेत. पहिले असे की हे वाक्य सातारा-सांगलीच्या अनुभवावर घासून पाहिले तर ते टिकत नाही, आणि ते का टिकत नाही हे शोधू लागले की कार्यकारणभावाचा एक चांगला पाठ आयता हाती लागतो. दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. 'कशामुळे होतो' आणि 'कसा पसरतो' या दोन प्रश्नांची उत्तरे ढिसाळपणे दिली, की त्याची किंमत एखाद्या मुलाला वर्गातली जागा गमावून मोजावी लागते.

डागांचा इतिहास

मोरिट्झ कापोसी हे व्हिएन्नातील त्वचारोगतज्ज्ञ. त्यांचा जन्म हंगेरीतला. १८७२ मध्ये त्यांनी पाच पुरुष रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. या रुग्णांच्या कातडीवर तांबूस-जांभळे डाग आणि गाठी आल्या होत्या. पुढे असे दिसून आले, की हा विकार मुख्यतः भूमध्य समुद्राभोवतालच्या आणि पूर्व युरोपातल्या वयस्कर पुरुषांना होतो, बहुधा पायांवर होतो आणि सावकाश वाढतो. विसाव्या शतकाच्या मध्यास पूर्व व मध्य आफ्रिकेत हाच कर्करोग पुष्कळ अधिक प्रमाणात आढळला. तिथे तो लहान मुलांनाही होत होता. त्यानंतर मूत्रपिंडाचे रोपण झालेल्या रुग्णांतही तो दिसू लागला. रोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून या रुग्णांची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवलेली असते.

एड्सचे नावही नव्हते तेव्हा या कर्करोगाच्या अशा तीन तऱ्हा ठाऊक होत्या, हे इथे ध्यानात ठेवावे. जो रोग १८७२ मध्ये नोंदला गेला, तो केवळ एड्समुळे होतो असे कसे म्हणता येईल?

जुलै १९८१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिक अहवालात २६ रुग्णांची नोंद आली. त्यांपैकी २० न्यूयॉर्कचे आणि ६ कॅलिफोर्नियाचे. सर्व तरुण किंवा मध्यमवयीन, सर्व समलिंगी पुरुष आणि सर्वांना कापोसी सार्कोमा. म्हातारपणी सावकाश वाढणारा हा रोग इथे झपाट्याने पसरत होता. वर्तमानपत्रांनी त्याला लगेच 'समलिंगींचा कर्करोग' असे नाव देऊन टाकले. कारण सापडण्याच्या आधीच रोगाच्या कपाळी माणसांच्या एका गटाचे नाव चिकटले. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत एचआयव्ही सापडला आणि बहुतेकांना वाटले की कोडे सुटले : विषाणू एचआयव्ही, त्याचा परिणाम कर्करोग. आमच्या तक्त्यावरचे वाक्य या टप्प्यावरच गोठून राहिलेले आहे. विज्ञान मात्र तिथे थांबले नाही.

आकडे काय सांगत होते

१९९० मध्ये ब्रिटनच्या रोगपरिस्थितिवैज्ञानिक व्हॅलेरी बेरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्यापुढे अमेरिकेतल्या सुमारे ९० हजार एड्स रुग्णांच्या नोंदी होत्या. त्यांपैकी १५ टक्क्यांना कापोसी सार्कोमा होता. बेरल यांनी एक साधा प्रश्न विचारला : ज्यांना एचआयव्हीची लागण वेगवेगळ्या मार्गांनी झाली, त्या सर्वांना हा कर्करोग सारख्याच प्रमाणात होतो का?

उत्तर होते, नाही. समलिंगी व उभयलिंगी पुरुषांत हे प्रमाण २१ टक्के होते. हिमोफिलिया या रक्तस्रावाच्या आजारासाठी रक्तघटक घेताना ज्यांना एचआयव्हीची लागण झाली, त्यांच्यात ते अवघे १ टक्का होते. एचआयव्ही दोघांतही तोच, प्रतिकारशक्ती दोघांचीही ढासळलेली; मग कर्करोगात एवढी तफावत का? तर्क एकच उरतो. दुसरे काहीतरी, बहुधा दुसरा एखादा रोगजंतू, यात सामील आहे. तो एका गटात अधिक पसरलेला आहे आणि रक्तघटकांतून सहसा जात नाही. बेरल यांनी हा निष्कर्ष सूक्ष्मदर्शकाला हात न लावता काढला. त्यांच्या हाती होते ते गटवार कोष्टक आणि नीट केलेली तुलना.

वर्तमानपत्रांनीही गट पाहिला होता आणि बेरल यांनीही गटच पाहिला. फरक एवढाच की एकांनी गटाकडे बोट दाखवले आणि दुसऱ्यांनी दोन गटांमधल्या फरकाकडे. विद्यार्थ्यांनी पक्के लक्षात ठेवावे असे काही या प्रकरणात असेल, तर ते हेच.

वजाबाकीने सापडलेला विषाणू

हा संशयित रोगजंतू १९९४ च्या डिसेंबरात सापडला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील युआन चँग आणि पॅट्रिक मूर या पतिपत्नींनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो शोधला. त्यांची युक्ती शाळेतल्या उदाहरणाने समजावता येते. समजा, दोन हजेरीपट आहेत. दोन्हींतील सारखी नावे खोडत गेलो, तर शेवटी फक्त एकाच पटात असलेली नावे उरतात. चँग आणि मूर यांनी एकाच रुग्णाच्या डागातला आणि निरोगी भागातला डीएनए घेतला आणि दोन्हींत समान असलेला भाग वजा करणारी रासायनिक पद्धत वापरली. उरले ते डीएनएचे दोन बारीक तुकडे. ते माणसाचे नव्हते. त्यांचे साम्य हर्पीस कुळातल्या विषाणूंशी होते.

मग त्यांनी हे तुकडे इतर नमुन्यांत शोधले. एड्स रुग्णांतील कापोसी सार्कोमाच्या २७ नमुन्यांपैकी २५ मध्ये ते सापडले. या विषाणूला 'मानवी हर्पीस विषाणू-८' असे नाव मिळाले. आम्ही त्याला सोयीसाठी 'कापोसी विषाणू' म्हणू.

विषाणू गाठीत सापडला म्हणजे तो गाठीचे कारण ठरला का? चोरीच्या घरात सापडलेला प्रत्येक माणूस चोर नसतो. तो नंतर आत शिरलेला बघ्याही असू शकतो. म्हणून पुढचे प्रश्न आले. १९९५-९६ मधील अभ्यासांत दिसले, की या विषाणूच्या खुणा डाग उमटण्याच्या आधीच रक्तात आढळतात. म्हणजे क्रम बरोबर जुळला : आधी विषाणू, मागून रोग. एचआयव्ही नसलेल्या वृद्धांच्या, आफ्रिकेतल्या मुलांच्या आणि रोपण झालेल्या रुग्णांच्या गाठींतही तोच विषाणू निघाला. शंभर वर्षांच्या चारही तऱ्हा एका धाग्यात ओवल्या गेल्या. पेशींचे विभाजन रोखून धरणारी जी प्रथिने असतात, त्यांना या विषाणूची प्रथिने निकामी करतात, हेही उलगडले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने या विषाणूचा समावेश माणसात निश्चितपणे कर्करोग घडवणाऱ्या कारकांत केला.

'त्वचेचा कर्करोग' हे शब्दही अपुरे आहेत. हा विकार रक्त व लसिका वाहणाऱ्या नलिकांच्या अस्तराच्या पेशींचा आहे. त्या नलिका कातडीत असल्या की डाग कातडीवर दिसतो आणि रक्तामुळे तो जांभळा होतो. हाच विकार तोंडात, आतड्यात आणि फुप्फुसातही होऊ शकतो.

सांगलीत डाग का दिसला नाही?

आता आपल्या मुलखाकडे वळू. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये मद्रासला झाली. १९९० च्या दशकात महाराष्ट्राला त्याचा मोठा तडाखा बसला आणि त्यात सातारा व सांगली हे जिल्हे ठळकपणे होते. पुणे-सातारा-कऱ्हाड-कोल्हापूर हा हमरस्ता दोन्ही जिल्ह्यांतून जातो. माण-खटाव, आटपाडी, खानापूर, जत हा दुष्काळी पट्टा; इथली माणसे पोटासाठी दूर जातात. कोणी सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगतात, तर जावळी-पाटणकडचे अनेक जण मुंबईत माथाडी कामगार होतात. घरापासून महिनोन् महिने दूर राहावे लागते तिथे कोणताही लैंगिक संसर्ग वाट काढतोच. अनेक स्त्रियांना तर लागण नवऱ्याकडून झाली आणि ती उघड झाली गरोदरपणातल्या तपासणीत. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाचा तिसरा टप्पा २००७ मध्ये सुरू झाला, तेव्हा सर्वाधिक लक्ष देण्याच्या 'अ' वर्गात महाराष्ट्रातले बहुतेक जिल्हे होते. सातारा आणि सांगली त्यांतच.

तक्त्यावरचे वाक्य खरे असते तर काय दिसायला हवे होते? एवढा एचआयव्ही असलेल्या भागात जांभळ्या डागांचे रुग्ण शेकड्यांनी यायला हवे होते. तसे झाले नाही. इथल्या रुग्णांना गाठले ते मुख्यतः क्षयाने. त्याखेरीज तोंडातली बुरशी, न थांबणारे जुलाब, वजन घटणे हे होतेच. संपूर्ण भारतातच एड्समधील कापोसी सार्कोमा इतका विरळ राहिला, की वैद्यकीय नियतकालिकांत त्याची नोंद एकेका रुग्णाची हकीकत म्हणून छापली गेली. १९९३ मध्ये एका भारतीय स्त्रीची अशी नोंद प्रसिद्ध झाली ती म्हणूनच.

कोणी आक्षेप घेईल, की सावळ्या कातडीवर डाग दिसले नसतील. पण युगांडा आणि झांबियात कातडी अधिकच काळी आहे आणि तिथे हा रोग डॉक्टरांच्या नजरेतून सुटला नाही. दुसरा आक्षेप असा, की आपले रुग्ण क्षयाने लवकर दगावले म्हणून कर्करोग होण्यापर्यंत जगले नसतील. पण क्षयाने आफ्रिकेतही असंख्य बळी घेतले. निर्णायक पुरावा तिसराच आहे. रक्तातल्या प्रतिपिंडांवरून एखाद्याला कापोसी विषाणूची लागण झाली आहे की नाही हे कळते. आफ्रिकेच्या काही भागांत निम्म्या किंवा त्याहून अधिक प्रौढांत ही प्रतिपिंडे आढळतात, भूमध्य भागात त्याहून कमी आणि भारतात फारच थोड्यांत. सांगलीत एचआयव्ही होता. कापोसी विषाणू जवळजवळ नव्हता. म्हणून डाग नव्हता.

न घडलेली गोष्टही पुरावा असते, हे आपल्याकडे क्वचितच शिकवले जाते. सातारा-सांगलीत न दिसलेला डाग हा 'एकटा एचआयव्ही हा कर्करोग घडवत नाही' याचा तितकाच भक्कम पुरावा आहे, जितका न्यूयॉर्कच्या २७ नमुन्यांचा.

बी आणि पाऊस

विद्यार्थ्यांना हे समजावण्यासाठी सातारा जिल्ह्याचा नकाशा पुरेसा आहे. महाबळेश्वरला धो धो पाऊस पडतो, पण बाजरी उगवत नाही. कारण ती तिथे कोणी पेरलेलीच नसते. माणमध्ये बाजरी पेरलेली असते, पण पावसाने ओढ दिली की पीक येत नाही. पिकाला बीही हवे आणि पाऊसही हवा. कापोसी विषाणू हे बी आहे; प्रतिकारशक्तीची घसरण हा पाऊस आहे. ती घसरण एचआयव्हीने होते, रोपणानंतरच्या औषधांनी होते आणि काही अंशी वार्धक्यानेही होते. न्यूयॉर्कमधील त्या पुरुषांत दोन्ही एकत्र आले. सांगलीत नुसता पाऊस होता. भूमध्य भागातल्या बहुसंख्य निरोगी लोकांत नुसते बी असते आणि ते आयुष्यभर तसेच पडून राहते.

ही उपमा ताणू नये. आफ्रिकेतील मुलांमध्ये एचआयव्हीविनाही हा रोग होत असे, तिथला 'पाऊस' नेमका कोणता यावर वेगवेगळी मते आहेत. पण 'कारण' या शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी असतात, जिच्यावाचून रोग होतच नाही ती आणि जिच्यामुळे तो बळावतो ती, एवढे या उपमेने नक्की स्पष्ट होते.

तक्त्याचे चार दोष

आता तपासणीचा निकाल मांडतो. आधी श्रेय द्यायला हवे. 'शेजारी बसल्याने, हस्तांदोलनाने, एका ताटात जेवल्याने, डास चावल्याने एड्स होत नाही' ही यादी बहुतेक तक्त्यांवर असते. ती अचूक आहे आणि तिने पुष्कळ भीती कमी केली आहे. दोष तिच्या आजूबाजूला आहेत.

पहिला दोष : मधला दुवा गाळणे. 'एड्समुळे कर्करोग' असे म्हटले की दुसरा विषाणू अदृश्य होतो आणि त्याबरोबर बेरल, चँग, मूर यांचे सारे काम अदृश्य होते. मुलांना उत्तर मिळते, पण ते कसे सापडले हे कळतच नाही.

दुसरा दोष : दुसऱ्या देशाचे चित्र आपल्या भिंतीवर लावणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९८५ मध्ये, रक्ततपासणीची सोय नसलेल्या आफ्रिकी भागांसाठी, एड्स ओळखण्याची व्याख्या केली. अंगभर पसरलेला कापोसी सार्कोमा हे तिच्यात एकटेच पुरेसे लक्षण होते. तिथे ते योग्यच होते. पुढे १९९३ च्या 'फिलाडेल्फिया' या अमेरिकी चित्रपटात नायकाचा आजार कपाळावरच्या डागावरून ओळखला गेला आणि ते चित्र जगभर गेले. हे लक्षण सांगलीत आणून लावले की त्याचा उपयोग उरत नाही, उलट अपाय होतो. ज्याचे अंग स्वच्छ तो निर्धोक, अशी समजूत होते. आणि ज्याच्या अंगावर कसलाही डाग आहे त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. एचआयव्ही शरीरात अनेक वर्षे कोणतेही लक्षण न दाखवता राहतो. तो ओळखण्याचा मार्ग रक्ततपासणी हाच आहे.

याच दोषाची दुसरी बाजू अधिक जिव्हाळ्याची आहे. विषाणूमुळे होणारा जो कर्करोग आपल्या घराघरांतल्या स्त्रियांना खरोखर गाठतो, तो गर्भाशयमुखाचा. त्यामागे मानवी पॅपिलोमा विषाणू आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रियांना त्याचा धोका अधिक असतो. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील बार्शीच्या कर्करोग केंद्राच्या सहभागाने तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. या विषाणूची एकदाच तपासणी केली तरी या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येऊ शकतात, असा त्याचा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लस २०२३ मध्ये बाजारात आली. तक्त्यावर एकाच विषाणुजन्य कर्करोगाला जागा असेल, तर सातारा-सांगलीच्या मुलींसाठी ती जागा याला मिळायला हवी. विरळ जांभळा डाग तिथे बसला आणि नेहमीचा कर्करोग बाहेर राहिला, हे उसन्या यादीचे फळ आहे.

तिसरा दोष : मार्गाऐवजी माणसे दाखवणे. 'ट्रकचालक', 'वेश्या', 'स्थलांतरित' अशा शीर्षकांची चित्रे काढली की मुलांच्या मनात रोग त्या माणसांचा होतो. विषाणूला व्यवसाय कळत नाही. असुरक्षित संभोग, दूषित रक्त वा सुई आणि लागण झालेल्या आईकडून बाळाला, एवढेच एचआयव्हीचे मार्ग आहेत. हे सांगलीत ज्यांनी आधी ओळखले, त्यांत शिकलेले व्याख्याते कमी होते. मीना सेशू यांच्या 'संग्राम' या संस्थेचे काम १९९२ पासून सांगलीत सुरू झाले. देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनीच आपल्या वस्त्यांत निरोध वाटण्याचे आणि समजावण्याचे काम हाती घेतले. १९९६ मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही स्वतःची संघटना उभी राहिली. ज्यांना तक्ता रोगाचे उगमस्थान म्हणून दाखवत होता, त्या रोगाचा मार्ग अडवत होत्या. विज्ञानाच्या बाजूने पाहिले तर तक्त्यापेक्षा त्यांची समज सरस होती.

चौथा दोष : 'पसरतो' या क्रियापदाला कर्ता नसणे. काय पसरते? कर्करोग एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही, विषाणू जातो. आणि प्रत्येक विषाणूची वाट वेगळी. कापोसी विषाणू मुख्यतः लाळेतून जातो. आफ्रिकेत तो घरातल्या घरात मुलांना मिळतो. एचआयव्ही लाळेतून जात नाही. एकाच वाक्यात दोघांना कोंबले की उष्ट्या पेल्याची भीती एचआयव्हीला जाऊन चिकटते. कापोसी विषाणू लाळेतून गेला तरी निरोगी माणसाला त्यापासून बहुधा काहीही होत नाही, हेही त्याच दमात सांगायला हवे.

त्याच दोघांचा दुसरा शोध

चँग आणि मूर यांनी पुढे पिट्सबर्गला वजाबाकीची हीच कल्पना नव्या तंत्राने वापरली. मर्केल पेशींचा कर्करोग हा त्वचेचा अतिशय विरळ पण घातक कर्करोग. तो उतारवयात होतो आणि एड्सच्या किंवा रोपण झालेल्या रुग्णांत अधिक आढळतो. या ओळखीच्या खुणेवरून त्यांना विषाणूचा संशय आला. २००८ मध्ये त्यांच्या गटाला १० पैकी ८ गाठींत एक नवा विषाणू सापडला. त्याला मर्केल पेशी पॉलिओमा विषाणू म्हणतात.

इथे चित्र उलटे आहे. हा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात पोचलेला असतो आणि कातडीवर निरुपद्रवीपणे नांदतो. बी सर्वत्र पडलेले, पीक मात्र लाखांत एखाद्याच्या वाट्याला. कारण कर्करोग होण्यासाठी दोन अपघात घडावे लागतात : विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत अडकला पाहिजे आणि त्याचे एक प्रथिन अशा रीतीने मोडले पाहिजे, की विषाणूला स्वतःच्या प्रती काढता येऊ नयेत. म्हणजे गाठीतला विषाणू कैदेत असतो. तिथून तो कोणाकडेही जात नाही. विषाणूच्या दृष्टीने कर्करोग ही बंद गल्ली आहे. 'कर्करोगाचा विषाणू पसरतोय' असा मथळा कुठे दिसलाच, तर मुलांना हे उदाहरण द्यावे.

वर्गात काय करता येईल?

नववी-दहावीच्या वर्गात एका तासिकेत हे सहज बसते. फळ्यावर चार ओळींचे कोष्टक काढावे : न्यूयॉर्क १९८१, युगांडा, भूमध्य किनाऱ्यावरचे वृद्ध, सांगली. तीन रकाने करावेत : कापोसी विषाणू आहे का, प्रतिकारशक्ती घटलेली आहे का, डाग दिसतो का. रकाने मुलांकडून भरून घ्यावेत आणि मग विचारावे, की एचआयव्ही हे डागाचे पुरेसे कारण आहे का, आवश्यक कारण आहे का. सांगलीच्या ओळीवरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळेल आणि भूमध्य किनाऱ्याच्या ओळीवरून दुसऱ्याचे. मुले युगांडाच्या ओळीवर अडतील. अडू द्यावे, तिथे शास्त्रज्ञही अडले होते.

शेवटी या अचूकपणाचा व्यवहाराशी संबंध काय, ते सांगतो. २००७ मध्ये राजकीय विरोधामुळे महाराष्ट्रातल्या शाळांतला लैंगिकता व एड्स शिक्षणाचा कार्यक्रम थांबवण्यात आला. मोकळी जागा कुजबुजीने भरली. २०१४ मध्ये गोव्यात रिवण येथे एचआयव्हीग्रस्त १३ मुलांना पालकांच्या विरोधामुळे शाळा सोडावी लागली. ते पालक दुष्ट होते असे आम्ही मानत नाही. 'पसरतो' हा शब्द त्यांनी ऐकला होता. काय आणि कसे, हे त्यांना कोणी समजावले नव्हते. एप्रिल २००४ पासून सरकारी रुग्णालयांत एचआयव्हीची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेतली तर प्रतिकारशक्ती सावरते, कापोसी सार्कोमाचा धोकाही घटतो आणि रक्तातील विषाणू मोजण्यापलीकडे गेला की लैंगिक संबंधातूनही लागण होत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा शाळाप्रवेशातला भेदभाव बेकायदा ठरवतो. पण कायदा शाळेच्या फाटकापर्यंत येतो. बाकावर शेजारी कोण बसणार हे वर्गात जे शिकवले गेले त्यावर ठरते.

म्हणून तक्त्यावर त्या जुन्या वाक्याच्या जागी आम्ही पुढील मजकूर सुचवतो : 'कापोसी सार्कोमा हा मानवी हर्पीस विषाणू-८ मुळे होणारा विरळ कर्करोग आहे. प्रतिकारशक्ती घटली, उदाहरणार्थ एचआयव्हीमुळे, तर तो बळावतो. भारतात तो क्वचित आढळतो. अंगावरच्या डागावरून कोणाला एचआयव्ही आहे हे ओळखता येत नाही. त्यासाठी रक्ततपासणी करावी लागते.' एकाची पाच वाक्ये झाली आणि पाठांतराला ती थोडी जड जातील. शाळेच्या भिंतीवर जुना तक्ता असेल, तर तो काढून टाकण्यापूर्वी एकदा दहावीच्या मुलांपुढे ठेवावा आणि त्यातली चूक त्यांनाच शोधायला सांगावी.